मुक्या जिवांचे ताट



ज्या व्यासपीठावरून वसंतऋतूत दरवर्षी मोठमोठे पंडित बोलतात, तेथे कामगार-संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने कुत्र्यामांजरांच्या खाण्याचा विषय घ्यावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. माझे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतच झाले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून. तेव्हा या विषयाकडे मी कसा वळलो, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात उपाहारगृहातील जेवणाविषयी आमची व्यवस्थापनाशी बोलणी चालली होती. बोलावणे येईपर्यंत आम्ही फाटकाजवळ पहारेकऱ्याच्या खोलीत बसलो होतो. भिंतीवर एक तक्ता टांगलेला होता. कारखान्याने पहाऱ्यासाठी पाच कुत्री पाळली होती, त्यांच्या खाण्याचा तो तक्ता. पिल्लाला दिवसातून किती वेळा आणि किती द्यावयाचे, वाढ पुरी झालेल्याला किती, गाभण कुत्रीला शेवटच्या आठवड्यांत किती वाढवून द्यावयाचे, व्यालेलीला किती, म्हाताऱ्याला काय, सारे वजनासकट लिहिलेले. आणि आत उपाहारगृहात अठरा वर्षांचा शिकाऊ मुलगा, भट्टीपुढे आठ तास उभा राहणारा गडी, पोटुशी बाई आणि निवृत्तीला टेकलेला मधुमेही, या सर्वांना एकच ताट. माझ्याबरोबरचा तरुण कार्यकर्ता संतापून म्हणाला, "दादा, इथं कुत्र्यांना तक्ता आहे आणि माणसांना नाही!"

माझ्याही तोंडावर तेच वाक्य आले होते. परंतु परतताना बसमध्ये विचार केला, तेव्हा ते वाक्य मला अपुरे वाटू लागले. त्या तक्त्यात चुकीचे काय होते? काहीच नाही. वयाप्रमाणे, कामाप्रमाणे, देहाच्या अवस्थेप्रमाणे अन्न मिळावे, हे तर आम्हीही म्हणतो. मग तो तक्ता आला कोठून? कुत्र्यांनी काही मागणीपत्र दिलेले नव्हते. ज्याला बोलता येत नाही, सही करता येत नाही, फाटकावर बसता येत नाही, त्याच्या ताटाचे गणित कोणी आणि का मांडले? या प्रश्नाचा माग काढता काढता जो इतिहास माझ्या हाती आला, तो आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगतो : कुत्र्यामांजरांचे ताट आणि आपल्या लेकरांचे ताट ही दोन वेगळी ताटे नाहीत. एकात जे घडते ते दुसऱ्यात घडल्यावाचून राहात नाही.

पहिली गोष्ट अशी की, कुत्र्याचे अन्न म्हणजे उरलेले अन्न, ही माणसाची फार जुनी समजूत आहे, आणि तिच्यात काही तथ्यही आहे. कुत्रा हा माणसाचा पंधरा हजार वर्षांहून अधिक काळाचा सोबती. शिकाऱ्याच्या शेकोटीभोवती टाकलेली हाडे त्याने चघळली आणि माणूस शेती करू लागल्यावर तो धान्यही खाऊ लागला. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय अन्न पचविण्यास लागणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त आढळल्या. आमच्या भाकरीच्या तुकड्यांनी कुत्र्याचे पोट आतून बदलून टाकले, असाच याचा अर्थ.

मांजराची गोष्ट निराळी. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले, असे २००४ साली जाहीर झाले. म्हणजे मांजरही आपल्याजवळ जुनेच. परंतु ते आले ते आपल्या भाकरीसाठी नव्हे, आपल्या कोठारातील उंदरांसाठी. म्हणून त्याचे पोट शिकाऱ्याचे होते ते शिकाऱ्याचेच राहिले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर कुत्र्याने माणसाची कायम नोकरी पत्करली, मांजराने फक्त कंत्राट घेतले. हा फरक आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो न कळल्यामुळे हजारो मांजरे मेली आहेत.

उरल्यासुरल्यावर जगणाऱ्याची एक अडचण अशी की, त्यासाठी घरात काही उरावे लागते. माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक करडी मांजरी असे. प्रत्येक घरातून तिला माशाचे डोके, भाताची शिते असे काही ना काही मिळे. संपाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात चाळीत काही उरेनासे झाले. मांजरीने दोन पिल्ले घातली होती, ती दोन्ही गेली आणि एके दिवशी तीही दिसेनाशी झाली. आई एवढेच म्हणाली, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मुक्या जिवाचे पोट मालकाच्या पोटाला बांधलेले असते, हा धडा मला त्या वयात मिळाला.

उरलेले देणे वेगळे आणि चांगले देणे वेगळे, हेही आपल्याकडे जाणत्यांनी ओळखले होते. नामदेवांची कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तर नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कारण कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरणार? कीर्तनकार या कथेत सर्वांभूती देव पाहावयास सांगतात, ते योग्यच आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. दिले की संपले असे नामदेवांना वाटले नाही. खाणाऱ्याला ते अन्न कसे लागेल, इकडे त्यांचे लक्ष होते.

याहून तपशिलाचा विचार पारशी समाजाच्या वंदिदाद या प्राचीन धर्मग्रंथात आहे. कुत्र्याला वाईट अन्न घालणे हे तेथे पाप मानले आहे. आणि मौज अशी की, सगळी कुत्री तेथे एका दावणीला बांधलेली नाहीत. मेंढरे राखणारा कुत्रा, घर राखणारा कुत्रा, भटका कुत्रा आणि पिल्लू असे वेगवेगळे धरून, प्रत्येकाला निकृष्ट अन्न देणे हे कोणत्या दर्जाच्या माणसाचा अपमान केल्यासारखे आहे, ते सांगितले आहे. दूध, चरबी आणि मांस हे कुत्र्याचे योग्य अन्न म्हटले आहे. फार कठीण हाड किंवा फार गरम अन्न घालून त्याला इजा केली तर तोही अपराध. व्यावयास झालेली कुत्री ज्याच्या आवारात येऊन पडेल त्याने तिला आणि पिल्लांना, ती स्वतःचे पाहू शकेपर्यंत, पोसावयाचे. आमच्या कारखान्यातील तक्त्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो येथे सापडतो.

या श्रद्धेने आपल्या मुंबईच्या इतिहासात एक प्रकरण घडविले आहे. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम कडक केली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही धरली जाऊ लागली. ६ जूनला पारशी मंडळी कुत्री पकडणाऱ्यांना आडवी गेली आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. दुकाने मिटली, पलटणीचा शिधा अडला आणि सरकारला दंगलीचा कायदा वाचून दाखवावा लागला. धरपकड झाली, शिक्षाही झाल्या, परंतु कुत्री सरसकट मारण्याचे धोरण नरम झाले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. संप आणि बंद यांत ज्याची हयात गेली त्या माझ्यासारख्याने हे वाचून क्षणभर पुस्तक मिटून ठेवले. मुंबईतील अगदी आरंभीचा बंद मुक्या प्राण्यासाठी झाला होता!

धर्माने अन्न देण्याची बुद्धी दिली. अन्नाचा धंदा मात्र कारखानदारीने सुरू केला. त्यासाठी आपणांस एकोणिसाव्या शतकातील लंडनला जावे लागेल. तेथे घोडे भाड्याच्या गाड्या ओढून ओढून निकामी होत. मग त्यांचे मांस उकडून, तुकडे काड्यांना टोचून, फेरीवाले गल्लीगल्लीतून मांजरांसाठी विकत. १८५१ च्या सुमारास हेन्री मेह्यू यांनी लंडनच्या कष्टकऱ्यांची जी प्रचंड पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात या फेरीवाल्यांचेही वर्णन आहे. जन्मभर राबलेल्या घोड्याचा शेवट मांजराच्या ताटात होत होता.

१८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ लंडनला आला. इमारतीवर बसवावयाच्या विजेच्या सळया विकणे हा त्याचा धंदा. गोदीत खलाशांनी टाकलेली जहाजाची कडक बिस्किटे कुत्री खात आहेत हे त्याने पाहिले, असे सांगतात, आणि त्यावरून गव्हाचे पीठ, भाज्या व मांसाचा अंश यांची कुत्र्यांसाठी बिस्किटे काढून त्यांचे पेटंट घेतले. विकत घेण्याचे श्वानखाद्य ते हे. त्याच कंपनीत नोकरी करणाऱ्या चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ पासून कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. प्रदर्शन आणि खप यांचे लग्न तेव्हाच लागले.

पुढे अमेरिकेत मोटारी व ट्रॅक्टर आले, घोडे बेकार झाले. १९२२ साली इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड गावी घोड्याचे मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकण्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली तेव्हा डब्यांच्या जागी कोरडे खाद्य आले. १९५७ मध्ये, न्याहारीचे फुगविलेले धान्यपदार्थ ज्या तऱ्हेच्या यंत्रातून काढतात, तशा यंत्रातून काढलेले खाद्य बाजारात आले. आज दुकानात पिशव्यांतून मिळणारे दाणे त्याच वंशाचे. पाहा, प्रत्येक पायरीवर उद्योगाचे उरलेसुरलेच प्राण्याच्या ताटात पडत गेले : निकामी घोडा, खाटीकखान्यातील टाकाऊ भाग, गिरणीतील कोंडा. टाकाऊचा उपयोग होतो यात वाईट काही नाही. परंतु प्राण्याला काय पाहिजे, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला तो प्राण्यांसाठी नव्हे, गरिबांच्या मुलांसाठी. विलायतेतील कारखानदारीच्या गावांत मुडदूस घरोघर होता. मुलांचे पाय वाकत, छातीचा पिंजरा बिघडत असे. कोणी दोष हवेला देई, कोणी अस्वच्छतेला. एडवर्ड मेलनबी यांनी लंडनमध्ये कुत्र्याची पिल्ले घेतली आणि त्यांना गरिबांच्या घरी असते तसे पेज-पावाचे अन्न देऊन घरात ठेवले. पिल्लांचे पाय वाकले. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिलेल्या पिल्लांचे पाय सरळ राहिले. हे त्यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. त्या तेलातील गुणकारी द्रव्याला पुढे जीवनसत्त्व ड असे नाव पडले. माणसाच्या कातडीत उन्हाने हे द्रव्य तयार होते. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे होत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. वाढत्या वयाचा देह आणि पुऱ्या वाढीचा देह यांच्या गरजा वेगळ्या, ही गोष्ट त्या पिल्लांनी आपल्या वाकड्या पायांनी सिद्ध करून दिली. फायदा झाला तो माणसांच्या मुलांचा. मी या प्रयोगाला दयाळू म्हणणार नाही. त्या पिल्लांचे आपल्यावर ऋण आहे, एवढेच म्हणेन.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे, कारण ते कापडगिरण्यांचे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. कातडी भाजल्यासारखी होई, हगवण लागे, माणसाला भ्रम होई आणि तो मरे. डॉक्टर जंतू शोधीत होते. सरकारी आरोग्यखात्याचे जोसेफ गोल्डबर्गर यांनी एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञास बरोबर घेऊन १९१६ साली दक्षिण कॅरोलिनातील सात गिरणगावांत घरोघर पाहणी केली. कोण काय खातो आणि कोणाची मिळकत किती, हे त्यांनी लिहून काढले. मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर जी घरे जगत होती त्यांत रोग. ज्यांच्या ताटात दूध आणि ताजे मांस येई त्यांत रोग नाही. मिळकत जसजशी कमी, तसतसा रोग जास्त. कागदावर मांडलेले हे गणित मी जेव्हा वाचले, तेव्हा आमच्या कोणत्याही मागणीपत्रापेक्षा ते मला धारदार वाटले.

त्याच भागात कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होत असे. कुत्री घरच्या मक्याच्या भाकरीवरच वाढत. तेव्हा गिरणीकामगार आणि त्याचा कुत्रा एकाच ताटावर आजारी पडत होते. गोल्डबर्गर यांनी हे साम्य पक्के केले आणि कुत्र्यांवर प्रयोग करून यीस्टने गुण येतो हे दाखविले. १९२९ साली ते वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्लाने कुत्र्याची काळी जीभ बरी होते हे सिद्ध केले आणि लगेच त्याच औषधाने माणसांचा पेलाग्रा बरा होऊ लागला.

हे दूरदेशीचे वाटेल, म्हणून आपल्या दख्खनकडे येतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा होता. मका न खाताही तो का होतो, याचा शोध हैदराबादच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी घेत होते. ज्वारीतील प्रथिनांत ल्युसिन नावाचा घटक जास्त असतो, त्याचा यात हात असावा, असे मत त्यांनी १९६० साली मांडले. १९६९ साली कुत्र्यांमधील काळ्या जिभेवरचे आपले प्रयोगही त्यांनी प्रसिद्ध केले. या मतावर पुढे वाद झाला, शास्त्रात तो व्हावयाचाच. परंतु केवळ भाकरीवर जगणारा माणूस आणि केवळ भाकरीवर जगणारा कुत्रा यांचे दुखणे एकच, हे आपल्याही मातीत दिसून आले. भाकरी वाईट नव्हे. भाकरीच्या जोडीला काहीच नसणे वाईट.

आता मांजराकडे वळू. कुत्र्यावरून माणसाचे कळले, तसे मांजराचे कळेना, कारण त्याचे पोट शिकाऱ्याचे. टॉरिन नावाचे द्रव्य माणूस आणि कुत्रा आपल्या शरीरात तयार करतात. मांजराला ते पुरेसे करता येत नाही, मांसातून घ्यावे लागते. गाजरातल्या रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व अ करणेही त्याला जमत नाही. १९७५ साली असे दिसले की, टॉरिन नसलेल्या अन्नावर ठेवलेल्या मांजरांचे दृष्टिपटल झडते आणि ती आंधळी होतात. तरीही बाजारातील खाद्यात ते पुरेसे पडत नव्हते. १९८७ साली कॅलिफोर्नियातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की, हृदय फुगून ढिले पडून जी असंख्य मांजरे मरत आहेत, त्यांच्या रक्तात टॉरिन फार कमी आहे आणि ते दिल्यास हृदय पुन्हा सुधारते. नावाजलेले, पूर्ण आहार म्हणून विकले जाणारे खाद्य खाऊन ही मांजरे मरत होती. त्यानंतर खाद्यात टॉरिन वाढविले गेले आणि हा रोग विरळा झाला. 'पूर्ण' हा शब्द डब्यावर छापला म्हणून अन्न पूर्ण होत नाही. खाणाऱ्याच्या देहाने त्यावर शिक्का मारावा लागतो.

याच्या पुढची हकीकत सर्वांत भयंकर आहे. अन्नातील प्रथिने मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे त्यातील नायट्रोजन मोजणे. मेलामाइन या द्रव्यात नायट्रोजन भरपूर, पोषण शून्य. हे तेच मेलामाइन, ज्याच्या बशा आणि ताटे आपण घरात वापरतो. ते पिठात मिसळले की मोजमापात प्रथिने वाढल्याचा देखावा होतो. २००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्यामांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ही भेसळ होती. जनावरांच्या मूत्रपिंडांत खडे होऊन ती मरत होती. थोडी आरडाओरड झाली, खटले झाले. आणि पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत तेच मेलामाइन निघाले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली, असे तेथील सरकारने सांगितले. एक वर्ष आधी कुत्र्यामांजरांनी आपला जीव देऊन इशारा दिला होता. तो कोणाला ऐकू गेला नाही, कारण तो मुक्यांनी दिला होता.

आता म्हातारपण. येथे इतिहास थोडा सौम्य होतो. अमेरिकेत मॉरिस फ्रँक हे अंध गृहस्थ बडी नावाच्या वाटाड्या कुत्र्याला घेऊन हिंडत. बडी मूत्रपिंडांच्या विकाराने खंगला, तेव्हा डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी घरीच बेताचे अन्न तयार केले. मागणी वाढली, तेव्हा १९४८ साली ते डबाबंद करण्याचे काम एका कारखान्याला दिले. दुखण्यानुसार आहार बदलावयाचा, ही पद्धत येथून रूढ झाली. आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर प्रत्येक लाडावणाऱ्याने वाचावा. लॅब्रॅडॉर जातीची अठ्ठेचाळीस पिल्ले, त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतील एकाला दुसऱ्याच्या पाऊणपट अन्न, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य तेरा वर्षे भरले, भरपूर खाणाऱ्यांचे अकरा वर्षे आणि सुमारे अडीच महिने. सांधेही कमी खाणाऱ्यांचे उशिरा दुखू लागले. उपासमार जशी मारते तशी खायखायही मारते, फक्त हळूहळू.

एवढ्या इतिहासातून घरच्या माणसाने काय घ्यावे, तेही सांगतो. तान्ह्या पिल्लाला आईचे दूध. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याच्या आसपासच प्रथिने आणि स्निग्धांश असतात. त्यात पाणी घालून पोरक्या पिल्लाला पाजणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न, मग चार-पाच महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. मोठ्या जातीच्या पिल्लाला लवकर थोराड करण्यासाठी कोंबून घालू नये, मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत, त्याने हाडे बिघडतात. वाढ पुरी झाल्यावर मापाने द्यावे. बोटांना बरगड्या लागाव्यात, डोळ्यांना मोजता येऊ नयेत. गाभण कुत्रीला शेवटच्या आठवड्यांत वाढवून आणि अंगावर पिल्ले पीत असताना नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. म्हाताऱ्या जनावराचे, विशेषतः मांजराचे, मांस झडते. मूत्रपिंडे धड असतील तर त्याची प्रथिने तोडू नयेत, आणि धड नसतील तर पशुवैद्याला विचारावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे कोणत्याच वयात नकोत. मांजर डोळे मिटून दूध पिते अशी आपली म्हण आहे, पण मोठ्या मांजराला पुष्कळदा ते दूध पचत नाही. आणि ज्या घरात मांस चालत नाही त्या घराने मांजर पाळण्यापूर्वी दहादा विचार करावा. त्याचा धर्म त्याच्या पोटात आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी बोलल्यावाचून संपविता येणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत त्यांना खाऊ घालण्यासाठी वस्तीने जागा आणि वेळ ठरवावी, मुले खेळतात आणि माणसांची ये-जा असते अशा ठिकाणांपासून ती दूर असावी, असे सांगितले आहे. खाऊ घालणाऱ्याने नसबंदी आणि रेबीजची लस यांचीही जबाबदारी मनावर घ्यावी. बिस्किटाचा पुडा फोडून पुण्य मिळवावे आणि चावा सफाई कामगाराने सोसावा, हा न्याय नव्हे.

शेवटी त्या फाटकाकडे येतो. आम्ही बसलो होतो तेव्हा पहारेकऱ्याने काट्यावर तोलून पाचही भांडी भरली. एक कुत्रा दात पडलेला होता, त्याचे खाणे त्याने पाण्यात भिजवून ठेवले. तक्त्यात भिजविण्याचे लिहिलेले नव्हते. मग त्याने आपला डबा उघडला. भाकरी आणि ठेचा. तो कंत्राटावर असल्यामुळे उपाहारगृहाचे ते एकच ताटसुद्धा त्याच्या वाट्याचे नव्हते.

कुत्र्यांचा तक्ता काढून टाका, अशी मागणी आम्ही केली नाही. पुढच्या बैठकीत मागणीपत्रात एक कलम वाढविले : वय, काम आणि प्रकृती पाहून जेवण मिळावे आणि ते कंत्राटी माणसांसही मिळावे. पोटुशी असलेल्या बायांना दूध-अंडे आणि भट्टीवाल्यांना वाढीव जेवण सुरू झाले. पहारेकऱ्यांना ताट मिळावयास आणखी दोन वर्षे लागली. मधुमेह्यांचे अजून बाकी आहे.

ते कलम लिहिताना तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "नमुना कुठला घ्यायचा?" मी म्हणालो, "फाटकाजवळच्या भिंतीवर आहे. जाऊन उतरून घे."